सुधारणा आणि वाटेंतील चौकी

बीड जिल्ह्याच्या पूर्व भागांत, परळी आणि अंबाजोगाई ह्या दोन प्रसिद्ध क्षेत्रांच्या परिसरांत, धर्मापुरी हें जुनें गांव आहे. चालुक्यकालीन केदारेश्वराचें देऊळ आणि गांवचा किल्ला ह्यांमुळें इतिहासाच्या अभ्यासकांस त्याचें नांव परिचित आहे. त्या देवळाच्या भिंतींवरील शिल्पें पाहण्यासाठीं आम्ही गेलों असतां तेथील एका शाळामास्तरांशीं आमची गांठ पडली. शिल्पांविषयींचें बोलणें संपतें न संपतें तोंच ते आपल्या फोनाकडे वळले. सात वर्षांपूर्वीं घेतलेला तो फोन जपून वापरल्यामुळें दिसावयास नव्यासारखा होता. पण त्यांतील प्रणाली जुनी झाल्यामुळें त्यांच्या बँकेचें ॲप त्यावर चालेनासें झालें होतें. नवी प्रणाली मागावी तर ‘आपला फोन अद्ययावत् आहे’ एवढेंच उत्तर पडद्यावर उमटे. ज्या कंपनीचें सिमकार्ड त्यांत होतें तिलाच मास्तर दोष देत होते. “साहेब,” ते म्हणाले, “फोन माझा, पैसा माझा, मग ह्याला सुधरायला परवानगी कुणाची लागती?”

प्रश्न साधा होता. परंतु त्याचें उत्तर आम्हांस तेथल्या तेथें देतां आलें नाहीं. मागाहून विचार करितां असें दिसून आलें कीं, ह्या प्रश्नाच्या पोटीं बराच मोठा इतिहास आहे, आणि मास्तरांची तक्रार खरी असली तरी तिच्यावरील पत्ता चुकलेला आहे. तो पत्ता शोधण्याचा हा प्रयत्न.

प्रथम वस्तुस्थिति थोडक्यांत सांगितली पाहिजे. शिवणयंत्र किंवा घड्याळ दुकानांतून घरीं आलें कीं त्याचें रूप कायम झालें. पुढें तें झिजेल किंवा बिघडेल, एवढाच त्यांत बदल. मोबाईल फोनाचें तसें नाहीं. त्याला चालविणारी जी आज्ञावली त्याच्या अंगांत असते, ती फोन घरीं आल्यावरहि बदलत राहते. तिच्यांत चोरट्यांस शिरण्याजोग्या फटी सांपडतात, त्या बुजवाव्या लागतात. नवीं जाळीं उभारलीं जातात, त्यांची भाषा फोनास शिकवावी लागते. ह्या बदलांस बाजारांत ‘अपडेट’ म्हणतात. आम्ही ‘सुधारणा’ असेंच म्हणूं. अँड्रॉइड प्रणालीच्या फोनांत ही सुधारणा गूगलच्या कचेरींत जन्म घेते. तेथून ती फोनांतील मुख्य चिप बनविणाऱ्या कारखानदाराकडे जाते. त्यानें आपल्या चिपेशीं तिचा मेळ घातल्यावर फोन बनविणाऱ्या कंपनीकडे येते. ती कंपनी आपला रंग तिला चढविते. आणि कित्येक देशांत त्यानंतर ती सिमकार्ड देणाऱ्या, म्हणजे जाळें चालविणाऱ्या, कंपनीच्या पसंतीसाठीं थांबते. इतक्या चौक्या ओलांडल्यावर ती आपल्या हातांतील यंत्रापर्यंत पोंचते. पुष्कळदां ती वाटेंतच राहते.

मराठवाड्याच्या वाचकास ही स्थिति अपरिचित वाटूं नये. हा सारा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्याचा दिवाण पहिला सालारजंग ह्यानें १८५३ सालीं कारभार हातीं घेतला आणि जुनी वसुलीची पद्धति मोडून १८६५ सालीं जिल्हाबंदी केली. जिल्हे, त्यांवरील अधिकारी, न्यायालयें अशी नवी व्यवस्था घातली. परंतु ही व्यवस्था मुख्यतः दिवाणी, म्हणजे सरकारच्या प्रत्यक्ष ताब्यांतील, मुलखापुरती होती. राज्याचा मोठा हिस्सा जहागिरी, पायगा आणि खुद्द निजामाची सर्फेखास ह्यांत वांटलेला होता. तेथें वसूल दुसऱ्याचा आणि बहुधा रीतहि दुसऱ्याची. हैदराबादेस निघालेला हुकूम एका गांवीं लागू व्हावा आणि शिवेपलीकडच्या गांवीं जहागीरदाराच्या मर्जीवर रहावा, असा हा प्रकार पिढ्यान् पिढ्या चालला. १५ ऑगस्ट १९४९ रोजीं जहागिरी नष्ट करणारा कायदा जारी झाला, तेव्हां कोठें ही मधली सत्ता कायद्यानें संपली. सुधारणा ठरणें आणि सुधारणा पोंचणें ह्या दोन घटनांमध्यें काळाचें केवढें अंतर पडूं शकतें, ह्याचें ह्याहून जवळचें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. त्या अंतराचें मूळ हक्कांत होतें, हेंहि ध्यानांत ठेविलें पाहिजे: ज्याचा गांवावर हक्क, त्याच्या हातीं गांवांत काय शिरावें ह्याची किल्ली.

फोनाच्या बाबतींत ही किल्ली प्रथमपासून कंपनीच्याच हातीं होती. मुंबईस दूरध्वनीची कचेरी १८८२ सालीं सुरू झाली. त्या काळीं घरांत तारेनें जोडलेलें यंत्र कंपनीचें असे. गिऱ्हाईक त्याचें भाडें भरी. १९४३ सालीं मुंबईची दूरध्वनि कंपनी सरकारनें ताब्यांत घेतली. मालक बदलला, व्यवस्था तीच राहिली. यंत्र कोणतें द्यावें, केव्हां बदलावें, हें मालकानें ठरवावयाचें. यंत्र ज्याचें त्याचाच त्यावर अधिकार, म्हणून ह्यांत अन्याय आहे असें कोणास फारसें वाटलेंहि नाहीं. तक्रार असे ती यंत्र मिळण्यासाठीं वर्षानुवर्षें वाट पहावी लागते ह्याची.

अमेरिकेंत मोबाईल फोन आला तेव्हां ही जुनी घडी वेगळ्या वेषांत कायम राहिली. तेथें फोन बहुधा जाळें चालविणाऱ्या कंपनीच्याच दुकानांत मिळे. दोन वर्षांचा करार करावा, म्हणजे महागडा फोन अल्प किंमतींत हातीं पडे. उरलेली किंमत कंपनी दरमहाच्या बिलांतून वसूल करी. फोन गिऱ्हाइकाचा म्हणावा तर त्यावर कंपनीचें नांव, कंपनीचीं न पुसतां येणारीं ॲपें आणि कंपनीचें कुलूप. आणि सुधारणाहि कंपनीनें आपल्या कसोटीला लावून पसंत केल्यावांचून यावयाची नाहीं. ह्या कसोटीस कित्येक महिने लागत. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या आमच्या मराठी कुटुंबांस हा अनुभव नवा नाहीं. त्यांच्यापैकीं पुष्कळांनीं नवा फोन घेतल्यावर जुना फोन कुलूप काढून गांवीं आईबापांस आणून दिला. असा फोन येथील सिमकार्डावर बोलावयास लागे, परंतु कांहीं फोनांस सुधारणा मिळावयाची तर मूळच्या अमेरिकन कंपनीचें जाळें लागे; तें येथें कोठून येणार? नातवाचें छायाचित्र दाखविणारा तो फोन सुधारणेच्या बाबतींत परदेशीं जहागिरींतच राहिला.

हा उशीर यंत्राच्या स्वभावांतच आहे असें म्हणावें, तर तसें नव्हतें. २९ जून २००७ रोजीं ॲपल कंपनीचा आयफोन अमेरिकेंत एटी अँड टी ह्या एकाच जाळ्यावर विक्रीस आला. परंतु त्याची आज्ञावली बदलण्याचा अधिकार ॲपलनें आपल्यापाशींच ठेविला होता. त्यामुळें सुधारणा निघाली कीं ती सर्व गिऱ्हाइकांस एकदम मिळूं लागली. ज्या कंपनीच्या जाळ्यावर अँड्रॉइडच्या फोनांस महिनोन् महिने थांबावें लागे, त्याच जाळ्यावर आयफोन थांबत नसे. करार निराळा, म्हणून परिणाम निराळा.

अँड्रॉइडच्या बाजूनेंहि प्रयत्न झाले. मे २०११ मध्यें गूगलनें फोन बनविणाऱ्या आणि जाळीं चालविणाऱ्या मोठ्या कंपन्यांस एकत्र आणून असें जाहीर केलें कीं, फोन बाजारांत आल्यापासून, त्याचा देह समर्थ असेल तर, १८ महिनेपर्यंत त्यास सुधारणा मिळत राहतील. घोषणेचा गाजावाजा झाला. वचन मात्र पाळलें गेलें नाहीं. एप्रिल २०१३ मध्यें अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन ह्या नागरिकांच्या हक्कांसाठीं झगडणाऱ्या संस्थेनें तेथील फेडरल ट्रेड कमिशनकडे एटी अँड टी, व्हेरायझन, स्प्रिंट व टी-मोबाईल ह्या चारहि कंपन्यांविरुद्ध फिर्याद गुदरली. ज्या फटी बुजविण्याचा उपाय तयार आहे, त्या फटी असलेले फोन गिऱ्हाइकांच्या हातीं राहूं देणें ही त्यांची फसवणूक होय, असा तिचा आशय होता. जुलै २०१५ मध्यें ह्या भीतीस प्रत्यक्ष रूप आलें. अँड्रॉइडच्या चित्रें व ध्वनि उलगडणाऱ्या भागांत ‘स्टेजफ्राइट’ नांवाची फट उघडकीस आली. नुसता एक चित्रसंदेश पाठवून दुसऱ्याच्या फोनांत शिरतां येईल अशी ती होती, आणि शोधकांच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ९५ कोटि यंत्रें तिच्या तडाख्यांत येत होतीं. ऑगस्ट २०१५ पासून गूगलनें दरमहा सुरक्षेची सुधारणा काढण्याचा क्रम सुरू केला. औषध दरमहा निघूं लागलें. तें रोग्याच्या घरापर्यंत नेण्याचा प्रश्न मात्र मागें राहिलाच.

जाळें चालविणाऱ्या कंपन्यांच्या बाजूचाहि न्यायानें विचार केला पाहिजे. फोन हा एकट्याचा असला तरी जाळें सर्वांचें असतें. एखाद्या सुधारणेंतील चुकीमुळें लक्षावधि फोन जाळ्याशीं वेडेंवांकडें बोलूं लागले, किंवा संकटाच्या वेळीं पोलिसांस वा रुग्णवाहिकेस बोलावण्याचा नंबरच लागेनासा झाला, तर लोक दोष कोणास देणार? ह्या भीतीनें परीक्षा घेणें गैर नव्हे. परंतु परीक्षेस मुदत असावी. परीक्षकास गिऱ्हाइकानें लवकर नवा फोन घ्यावा ह्यांतच लाभ असेल, तर त्यानें उत्तरपत्रिका तपासण्याची घाई कां करावी?

आतां आपल्या देशाकडे वळूं. येथें मोबाईलची सेवा १९९५ सालीं सुरू झाली, आणि तिची घडी अमेरिकेहून निराळी बसली. फोन बाजारांतून, सिमकार्ड कंपनीकडून, असे दोन सौदे आपल्याकडे वेगळे राहिले. कंपनी आवडली नाहीं तर तें लहानसें कार्ड काढून दुसरें घालावें, फोन तोच. ह्यास अपवाद झाले, पण ते टिकले नाहींत. २००३ च्या पावसाळ्यांत रिलायन्सनें ‘मान्सून हंगामा’ नांवाच्या योजनेंत ५०१ रुपये भरून फोन घरीं नेण्याची सोय केली. तो फोन त्याच कंपनीच्या जाळ्याशीं जखडलेला असे. २२ ऑगस्ट २००८ रोजीं आयफोन भारतांत आला तो एअरटेल व व्होडाफोन ह्यांच्या दुकानांतून. परंतु येथें त्यावर अमेरिकेसारखी दोन वर्षांच्या करारानें मिळणारी सवलत नसल्यानें आठ गिगाबाइटच्या फोनास सुमारें ३१ हजार रुपये रोख मोजावे लागत. सर्वसामान्य गिऱ्हाइकानें आपला फोन चौकांतल्या दुकानांतच घेतला, आणि पूर्ण किंमत देऊन घेतला. म्हणून धर्मापुरीच्या मास्तरांचा ‘फोन माझा’ हा दावा न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकापेक्षां खरोखर अधिक बळकट आहे. आणि म्हणूनच सिमकार्डाच्या कंपनीवर त्यांनीं ठेवलेला ठपका बहुतांशीं गैरलागू आहे. येथें ती चौकी बहुधा नव्हतीच.

बहुधा म्हणण्याचें कारण असें कीं, जाळें स्वतः बदलतें तेव्हां ती चौकी आपल्याकडेहि उभी राहते. सप्टेंबर २०१६ मध्यें जिओची सेवा सुरू झाली. तिच्यावर संभाषणहि इंटरनेटच्याच वाटेनें चाले. त्या रीतीस ‘व्होल्ट’ म्हणतात. ४जी असूनहि ही रीत न कळणारे पुष्कळ फोन लोकांच्या हातीं होते. त्यांस एक तर वेगळें ॲप घ्यावें लागे, नाहीं तर बनविणाऱ्या कंपनीच्या सुधारणेची वाट पहावी लागे. पुढील वर्षीं सप्टेंबरमध्यें एअरटेलनें हीच सोय प्रथम मुंबईंत आणली, तेव्हां एका कंपनीची व्होल्ट जाणणारा फोन दुसरीचीहि जाणेलच असें नाहीं, हें गिऱ्हाइकांस कळून आलें. प्रत्येक फोनास प्रत्येक जाळ्याची ओळख सुधारणेनें करून द्यावी लागली.

ह्या नाट्याचा सर्वांत ठळक प्रवेश २०२२ च्या ऑक्टोबरमध्यें झाला. १ ऑक्टोबर रोजीं देशांत ५जी सेवेचा आरंभ झाला. एअरटेलनें ज्या आठ शहरांपासून सुरुवात केली त्यांत मुंबई व नागपूर हीं होतीं. जिओनें दसऱ्याच्या दिवशीं, ५ ऑक्टोबरला, चार शहरांत चांचणी सुरू केली, त्यांत मुंबई होती. मराठवाड्यांतील एकहि शहर ह्या पहिल्या याद्यांत नव्हतें. परंतु मुंबईकरांसहि लागलीच समाधान लाभलें नाहीं. ज्यांच्या फोनावर विकतांना ‘५जी’ असें ठळक छापलें होतें, त्यांपैकीं अनेकांच्या पडद्यावर ‘४जी’च राहिलें. यंत्राचा देह तयार होता, मनोरा तयार होता. मधली आज्ञावली तयार नव्हती. दोन कंपन्यांनीं ५जीच्या दोन वेगळ्या रीति पत्करल्या होत्या: जिओनें सर्वस्वीं नवें जाळें उभारलें, एअरटेलनें जुन्या ४जीच्या आधारावर नवें चढविलें. फोन बनविणाऱ्यांस ह्या दोन्हींची परीक्षा करावयाची होती. गिऱ्हाईक कंपनीस विचारी, कंपनी फोन बनविणाऱ्याकडे बोट दाखवी. शेवटीं केंद्र सरकारनें फोनांच्या व जाळ्यांच्या कंपन्यांस बैठकीस बोलाविलें. ॲपलनें डिसेंबरचा वायदा केला, सॅमसंगनें नोव्हेंबरच्या मध्याचा. आणि १३ डिसेंबर रोजीं आलेल्या सुधारणेनें आयफोनांवर येथील ५जी सुरू झालें. येथें विलंब अडीच महिन्यांचा झाला, कारण प्रश्न सरकारच्या प्रतिष्ठेचा होता आणि सर्व पक्षांस एका खोलींत बसविण्यांत आलें. शाळामास्तरांच्या सात वर्षांच्या फोनासाठीं अशी बैठक कोण भरविणार?

येथें आम्ही खऱ्या पत्त्यापर्यंत येऊन पोंचलों. भारतांत सुधारणा अडते ती मुख्यतः फोन बनविणाऱ्याच्या दारीं. अल्प किंमतीचा फोन विकल्यावर त्यापासून मिळावयाचा तो नफा मिळून गेलेला असतो. पुढें त्याच्यासाठीं कारागीर बसविणें हा निव्वळ खर्च. चिप बनविणाऱ्यानें जुन्या चिपेकडे पाठ फिरविली, तर फोन बनविणाऱ्याचा नाइलाजहि होतो. ह्याची झळ मराठी वाचकास आणखी एका बाजूनें लागली आहे. २०१० च्या सुमारास विकले गेलेले पुष्कळ अँड्रॉइड फोन मराठी मजकूर आला कीं अक्षरांच्या जागीं रिकाम्या चौकटी दाखवीत. कांहींवर अक्षरें दिसलीं तरी ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागीं पडे आणि जोडाक्षरें फुटत. १५ जुलै २०१० रोजीं मान्य झालेलें रुपयाचें नवें चिन्हहि असेंच चौकटींत लपे. अँड्रॉइडच्या ४.० (२०११) व ४.१ (२०१२) ह्या आवृत्त्यांतून नागरी अक्षरें नीट दिसूं लागलीं. परंतु ज्या फोनांस त्या आवृत्त्या कधींच मिळाल्या नाहींत, त्यांचे धनी नवा फोन घेईपर्यंत आपल्याच लिपीस मुकले. देशांतील सर्व मान्य भाषा वाचतां येतील असेच फोन विकावे, अशी सक्ति करणारा सरकारी हुकूम निघावयास २०१६ साल उजाडावें लागलें. हीच सुधारणा त्या फोनांवर वेळेवर पोंचती, तर किती घरांतील आजीआजोबांस पत्र वाचावें तसा मुलाचा संदेश वाचतां आला असता!

एक प्रयत्न येथें विशेष नमूद केला पाहिजे, कारण त्याचा आरंभच भारतांत झाला. १५ सप्टेंबर २०१४ रोजीं गूगलनें मायक्रोमॅक्स, कार्बन व स्पाइस ह्या कंपन्यांकरवीं ‘अँड्रॉइड वन’ ही फोनांची मालिका दिल्लींत सादर केली. किंमत ६,३९९ रुपयांपासून, आणि वचन असें कीं, सुधारणा थेट गूगलकडून येतील. सुधारणा उतरवून घेण्यास लागणारा इंटरनेटचा खर्च हीहि त्या काळीं गरिबांच्या वाटेंतील एक चौकीच होती. म्हणून एअरटेलच्या सिमकार्डावर पहिले सहा महिने ती फुकट देण्याची योजना झाली. जाळ्याची कंपनी अमेरिकेंत वाट अडवी, ती येथें वाट मोकळी करण्यास सहाय झाली, ही गोष्ट न्यायबुद्धीनें सांगितलीच पाहिजे. ती मालिका बाजारांत फारशी रुजली नाहीं. पण तिच्यामागील विचार वांयां गेला नाहीं. २०१७ सालीं गूगलनें प्रणालीचा मुख्य भाग आणि चिपेशीं बोलणारा भाग ह्यांची फारकत केली. २०१९ पासून सुरक्षेचे कांहीं भाग थेट आपल्या भांडारांतून पाठविण्याची सोय केली. २०२३ व २०२४ मध्यें गूगल व सॅमसंग ह्यांनीं आपल्या महागड्या फोनांस सात वर्षें सुधारणा देण्याचें वचन दिलें. महागड्या, हा शब्द वाचकांनीं विसरूं नये.

जहागिरी गेल्या तेव्हां मधला धनी गेला. पण कुळाचें नांव सातबाऱ्यावर चढेपर्यंत त्याचें काम पुरें झालें नाहीं. येथेंहि वाट मोकळी होणें पुरेसें नाहीं. गिऱ्हाइकाच्या हक्काची कोठें तरी नोंद झाली पाहिजे. ब्रिटनमध्यें २९ एप्रिल २०२४ पासून, असें यंत्र विकणाऱ्यानें सुरक्षेच्या सुधारणा किती काळ मिळतील तें जाहीर केलेंच पाहिजे, असा कायदा लागू झाला. युरोपीय संघांत २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणें फोनाची विक्री थांबल्यानंतरहि किमान पांच वर्षें प्रणालीच्या सुधारणा देण्याचें बंधन बनविणाऱ्यावर आलें. औषधाच्या बाटलीवर मुदतीची तारीख छापलेली नसेल तर आपण ती परत करतों. ज्या यंत्रांत घराची सारी पुंजी, मुलांच्या परीक्षांचे निकाल आणि शेताचे उतारे साठविले जातात, त्याच्या खोक्यावर तशीच एक तारीख ठळक छापावी, एवढी मागणी आपल्याकडील ग्राहकांनीं व त्यांच्या पंचायतींनीं लावून धरली तर ती अवास्तव म्हणतां येणार नाहीं. तशी सक्ति होईपर्यंत दुकानदारास प्रश्न विचारणें तरी आपल्या हातीं आहे. रंग, कॅमेरा व किंमत ह्यांची चौकशी आपण तासभर करतों. सुधारणा कोणत्या सालापर्यंत मिळतील हें विचारावयास अर्धें मिनिट पुरतें.

हें सारें आम्हीं धर्मापुरीच्या मास्तरांस पत्रानें कळविलें: परवानगी सिमकार्डाच्या कंपनीची नव्हे, फोन बनविणाऱ्याची लागते, आणि त्यानें ती देणें केव्हांच थांबविलें आहे. त्यांचें उत्तर आलें, तें दोनच ओळींचें होतें. नवा फोन दिवाळीनंतर पाहूं, तोंवर बँकेचें काम शाखेंत जाऊन करतों, असें त्यांनीं लिहिलें होतें. जुना फोन त्यांनीं टाकलेला नाहीं. केदारेश्वराच्या देवळांतील शिल्पांचीं छायाचित्रें ते त्याच्यावरच घेतात, आणि तीं उत्तम येतात.